मेंटेनन्स इंजिनिअरचा टेक्निकल इंटरव्ह्यू आहे ९ दिवसांनी, तयारी नेमकी कशाची करू?

दुसरी_शिफ्ट

नमस्कार सगळ्यांना. डिप्लोमा इलेक्ट्रिकल, २०२१ पास आऊट, एक वर्ष अप्रेंटिस आणि मग साताऱ्यातच एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत मेंटेनन्सला आहे, कंत्राटदाराच्या रोलवर, बारा तासाची शिफ्ट. आता चाकणला एका ऑटो पार्ट्स बनवणाऱ्या प्लांटमधून कॉल आलाय, कंपनी रोल आहे, पुढच्या आठवड्यात गुरुवारी टेक्निकल राउंड. मेंटेनन्स मॅनेजर आणि अजून एक जण घेणार असं एचआरने सांगितलं.

माझं काम म्हणजे मोटर, स्टार्टर, कन्व्हेयरचे सेन्सर, हायड्रॉलिक प्रेसचं पॅनल, ड्राइव्हचे (मोटरचा वेग बदलणारं युनिट) थोडेफार पॅरामीटर. हाताला सगळं येतं हो, पण कुणी समोर बसून विचारलं की शब्दच फुटत नाहीत. मागच्या वर्षी एका ठिकाणी गेलो होतो तिथे विचारलं इमर्जन्सी स्टॉपचं बटण एनसी (नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे न दाबता सर्किट जोडलेलं) का वापरतात, मी ते वायरिंग कमीत कमी पन्नास वेळा केलं असेल पण 'का' ते सांगता आलं नाही, गप्प बसलो आणि तिथेच विषय संपला. घरी येताना बसमध्ये उत्तर आठवलं.

दुसरं म्हणजे माझा सीव्ही रूममेटने बनवून दिलाय. त्यात त्याने पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) प्रोग्रॅमिंग, स्काडा (कॉम्प्युटरवरून प्लांट बघायचं सॉफ्टवेअर) असं लिहिलंय. मी पीएलसीला लॅपटॉप लावून इनपुट आला की नाही एवढं बघतो, प्रोग्रॅम कधी लिहिलेला नाही. तो म्हणतो सगळेच लिहितात, असू दे. आता ९ दिवसात पीएलसी शिकू का बेसिक परत वाचू का इंग्लिश बोलायची प्रॅक्टिस करू, काहीच सुधरत नाहीये. रात्रपाळी चालू आहे त्यामुळे दिवसाला दोन-अडीच तासच मिळतात. प्लीज कुणी अनुभवी असेल तर सांगा.

पॅनलवाला

मित्रा, मी १७ वर्षं मेंटेनन्सला आहे आणि गेली सहा-सात वर्षं मुलांचे इंटरव्ह्यूही घेतो, म्हणून टेबलाच्या अलीकडून सांगतो.

सगळ्यात आधी ती सीव्हीतली ओळ बदल, आजच बदल आणि एचआरला नवीन मेल कर. प्रोग्रॅमिंग काढ आणि जे करतोस तेच लिही, म्हणजे पीएलसी ऑनलाइन बघून फॉल्ट शोधणे, इनपुट आउटपुट तपासणे. हे काही कमी नाहीये रे, रात्री तीन वाजता लाइन बंद पडते तेव्हा आम्हाला प्रोग्रॅम लिहिणारा नको असतो, कुठला सेन्सर येत नाहीये ते पाच मिनिटात सांगणारा पाहिजे असतो. पण तू प्रोग्रॅमिंग लिहिलंस तर मी पहिला प्रश्न तिथूनच विचारणार, दोन मिनिटात कळणार की येत नाही, आणि मग तू मोटरबद्दल जे खरं खरं सांगशील त्यावरही माझा विश्वास बसणार नाही. चांगल्या हाताच्या मुलांना मी या एका कारणाने नाही म्हटलेलं आहे आणि म्हणताना वाईट वाटलेलं आहे.

आता तयारी. मी कागद आणि पेन पुढे सरकवतो आणि म्हणतो स्टार डेल्टा स्टार्टरचं (मोटर आधी स्टारमध्ये कमी व्होल्टेजवर चालू करून मग डेल्टात नेणारा) पॉवर आणि कंट्रोल सर्किट काढ. बहुतेक ठिकाणी हेच होतं. तर रोज एकदा न बघता काढ, तीन कॉन्टॅक्टर (मोटरचा करंट चालू-बंद करणारे स्विच), टायमर, होल्डिंग (बटण सोडल्यावरही चालू ठेवणारं), स्टार आणि डेल्टाचं इंटरलॉक (दोन्ही एकदम लागू नयेत म्हणून), सगळं. काढताना तोंडाने बोलत जा, भिंतीला सांग हवं तर, पण बोलत काढ, तुझी अडचण ज्ञानाची नाहीये, मोठ्याने बोलण्याची सवय नाही एवढीच आहे.

मग त्यावरून प्रश्न येतात. स्टारमध्ये का चालू करतो? कारण ४१५ च्या जागी वाइंडिंगला २४० व्होल्टच मिळतात, लाइनचा करंट डेल्टात डायरेक्ट चालू केल्याच्या एक तृतीयांश होतो. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं कमी जण सांगतात, की टॉर्कही एक तृतीयांशच होतो, म्हणून भरलेला कन्व्हेयर स्टारमध्ये उचलत नाही. टायमर गेला आणि मोटर स्टारमध्येच राहिली तर? लोड असेल तर वेग धरणार नाही, तापेल, ट्रिप होईल. आणि माझा आवडता प्रश्न, ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) किती अँपिअरला सेट करशील? समज २० एचपीची मोटर आहे, नेमप्लेटवर २८ अँपिअर आहे. मुलं पटकन २८ म्हणतात. रिले जर मेन कॉन्टॅक्टरच्या खाली, वाइंडिंगच्या लाइनमध्ये असेल तर त्यातून डेल्टात ५८ टक्केच करंट जातो, म्हणजे सेटिंग साधारण १६ पाहिजे. २८ ला ठेवलास तर मोटर जळेल पण रिले ट्रिप होणार नाही. रिले कुठे बसवलाय ते आधी विचार आणि मग आकडा सांग, असं केलंस की समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसतो.

इमर्जन्सीचं उत्तर तुला आठवलंय म्हणालास तरी लिहितो. वायर तुटली किंवा टर्मिनल सैल झालं तर एनसी सर्किट आपोआप उघडतं आणि मशीन थांबतं. एनओ (न दाबता उघडं असणारं) वापरलं असतं तर तुटलेली वायर कुणाला कळलीच नसती, आणि ज्या दिवशी कुणाचा हात अडकला त्या दिवशी बटण दाबून काही झालं नसतं. हे उत्तर असंच दे, हात अडकण्यासकट. पुस्तकातल्यासारखं फेल सेफ एवढंच म्हणून थांबू नकोस.

आणि शेवटचं, प्रत्येक इंटरव्ह्यूत एक प्रश्न नक्की असतो, 'तू स्वतः सोडवलेला एक ब्रेकडाउन सांग.' माझ्या हिशोबाने अर्धा इंटरव्ह्यू इथेच असतो. तुझे तीन ब्रेकडाउन निवड, वहीत लिही. काय दिसलं, काय मोजलं, आकडे किती आले, काय नाही हे कशावरून ठरवलं, शेवटी काय निघालं. एक इथे लिही, मी बघतो.

चाकण_रोजचा

पॅनलवाले सरांचं बरोबर आहे पण थोडं वेगळं मत. काही प्लांटमध्ये आधी लेखी पेपर असतो आणि तिथे अनुभव कामाला येत नाही, सूत्रंच लागतात. माझ्या वेळी सिंक्रोनस स्पीड काढायला होता, १२० गुणिले फ्रिक्वेन्सी भागिले पोल, चार पोलला ५० हर्ट्झवर १५००, आणि नेमप्लेटला १४४० असेल तर स्लिप (मोटर जेवढी मागे राहते ते) ४ टक्के. पॉवर फॅक्टर, केव्हीए, केबलचा साइज, अर्थिंग, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर), आणि एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी वेळ) एमटीटीआर (दुरुस्तीचा सरासरी वेळ) काढायचं एक छोटं गणित. दोन संध्याकाळी यासाठी ठेव.

सीव्हीचं म्हणशील तर बाकीचे लिहितात हेही खरं आहे, त्यांचा सीव्ही वर जातो आणि खरं लिहिणाऱ्याचा खाली राहतो, हे मी पाहिलंय.

बाकी सेफ्टी शूज घालून जा, शॉपफ्लोअरवर नेतात. अप्रेंटिसचं सर्टिफिकेट, मार्कशीट, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा ओरिजिनल आणि झेरॉक्स. वायरमन किंवा सुपरवायझरचं लायसन्स असेल तर ते पहिल्यांदा दाखव, नसेल तर पुढे काढून ठेव. सकाळी नाशिक हायवेच्या ट्रॅफिकचा भरवसा नाही, आदल्या रात्रीच ये आणि कुणाकडे तरी मुक्काम कर.

पॅनलवाला

@चाकण_रोजचा लेखीचं मान्य, चांगलं सांगितलंत. सीव्हीचं मात्र नाही पटत. तो वर गेलेला सीव्ही शेवटी माझ्यासारख्या कुणाच्या तरी टेबलावरच येतो ना. आणि याला तर कॉल आलेला आहे, आता वर जायचा प्रश्नच उरला नाही, आता फक्त पकडलं जायचा धोका उरलाय.

इन्स्ट्रुमेंटवाली

मी इन्स्ट्रुमेंटेशनची, आधी केमिकल प्लांटला होते आता ऑटोमोबाइलला. पीएलसी आणि सेन्सरचं मी सांगते, मोटरचं वर आलंच आहे.

९ दिवसात प्रोग्रॅमिंग शिकायला जाऊ नकोस, व्हिडिओ बघून टायमर काउंटर पाठ होतील आणि इंटरव्ह्यूत गोंधळ होईल. त्यापेक्षा तुझ्याच प्लांटमध्ये एक सेन्सर धर आणि त्याचा पूर्ण प्रवास बघ. सेन्सरवरची लाइट लागते का, मग टर्मिनलवर २४ व्होल्ट येतात का, मग इनपुट कार्डवरची एलईडी, मग लॅडरमध्ये (स्क्रीनवर दिसणारा पीएलसीचा प्रोग्रॅम) तो कॉन्टॅक्ट हिरवा होतो का, त्याने पुढचा आउटपुट चालू होतो का, मग इंटरपोझिंग रिले (कार्ड आणि लोडच्या मधला रिले), मग सोलेनॉइड (व्हॉल्व्ह हलवणारी कॉइल). हा रस्ता तू न अडखळता सांगितलास की पीएलसीचा फॉल्ट कसा शोधशील याचं उत्तर झालं, मग कंपनी सिमेन्स वापरो की मित्सुबिशी. सोबत स्कॅन सायकल म्हणजे काय तेवढं दोन वाक्यात सांगता आलं पाहिजे, आधी इनपुट वाचतो, मग प्रोग्रॅम वरून खाली सोडवतो, मग आउटपुट लिहितो, आणि हेच मिलिसेकंदात परत परत.

पीएनपी एनपीएन (सेन्सरच्या आउटपुटचे दोन प्रकार) नक्की विचारतात. तपकिरी प्लस, निळी मायनस, काळी आउटपुट. पीएनपी सेन्सरने वस्तू बघितली की काळ्या वायरवर प्लस २४ येतो, एनपीएनमध्ये काळी वायर शून्याकडे ओढली जाते. मुलं एवढं सांगतात पण पुढे 'मग स्टोअरमध्ये पीएनपी नाही, एनपीएन लावलास तर काय होईल' म्हटलं की थांबतात. सेन्सरवरची लाइट लागेल पण कार्डला इनपुट दिसणार नाही, कारण ते कार्ड प्लसची वाट बघतंय. हे मी स्वतः एका रात्री दीड तास शोधलंय, सेन्सर चांगला दिसतोय म्हणून मी केबल बदलत बसले होते.

ट्रान्समीटरचा सिग्नल ४ ते २० मिलिअँपिअर असतो, तो ४ पासून का? वायर तुटली तर शून्य येतो, आणि खरंच प्रेशर शून्य असेल तर ४ येतो, दोन्ही वेगळे कळतात. ० ते १० बारचा ट्रान्समीटर असेल तर १२ ला ५ बार, ८ ला अडीच बार, असं दोन-तीन गणितं तोंडी करून बघ.

आणि इंग्लिशची भीती डोक्यातून काढ. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकले. पहिलं स्वतःबद्दलचं एक मिनिट इंग्लिशमध्ये तयार ठेव, साधी छोटी वाक्यं, आणि टेक्निकल सुरू झालं की सरळ विचार 'सर, हिंदी मराठी मिक्स चालेल का?' मी आतापर्यंत ज्या पॅनलसमोर बसले त्यातल्या कुणीही नाही म्हटलं नाही. मेंटेनन्सची भाषा तशीही मिक्सच असते, कॉन्टॅक्टर चिकटला याला इंग्लिशमध्ये काय म्हणतात ते मॅनेजरही शोधत बसत नाही.

दुसरी_शिफ्ट

सर, ताई, दादा खूप खूप धन्यवाद. सीव्ही बदलून एचआरला पाठवला काल, त्यांनी ओके म्हणून रिप्लाय दिला, रूममेट थोडा नाराज आहे पण ठीक आहे. स्टार डेल्टा तीन वेळा काढलं, पहिल्या वेळी इंटरलॉकच विसरलो होतो.

सर तुम्ही म्हणालात म्हणून ब्रेकडाउन लिहितो. साडेसात एचपीचा कन्व्हेयर, डीओएल स्टार्टर (मोटर थेट लाइनवर चालू करणारा). अर्ध्या पाऊण तासाने ओव्हरलोडला ट्रिप व्हायचा. आधीच्या शिफ्टने ओव्हरलोड रिले बदलला होता तरी तेच. मी मोटर हाताने फिरवून बघितली, फ्री होती, मग परत चालू केलं, मग शेवटी कॉन्टॅक्टर बदलला आणि प्रॉब्लेम गेला.

पॅनलवाला

शाब्बास, पण तू हे सगळं उलटं सांगितलंस आणि मधलं सगळ्यात चांगलं खाऊन टाकलंस. कॉन्टॅक्टरच का बदललास? देवाने सांगितलं का? टाँग टेस्टर (वायर न तोडता करंट मोजायचं मीटर) लावला होतास का, तिन्ही फेजला किती होता?

दुसरी_शिफ्ट

हो सर लावला होता. नेमप्लेट ११ अँपिअर आहे. आर ला १३, वाय ला साडेबारा, बी ला ८ च्या आसपास होता. म्हणून वाटलं सप्लायमध्ये काहीतरी आहे, तर इनकमिंगला तिन्ही व्होल्टेज सारखेच होते. मग कॉन्टॅक्टरच्या खालच्या बाजूला मोजलं तर बी ला कमी. मग चालू असतानाच कॉन्टॅक्टरच्या त्या पोलच्या वर आणि खाली मीटर धरला तर ९-१० व्होल्ट दाखवत होता. बाकीच्या दोन पोलला जवळजवळ काहीच नाही. उघडून बघितलं तर बी चा कॉन्टॅक्ट पूर्ण खड्डे पडून काळा झालेला.

पॅनलवाला

अरे हेच तर सांगायचं होतं! लाइव्ह असताना पोलच्या दोन्ही बाजूंनी व्होल्टेज ड्रॉप मोजणं हे मी दहा वर्षांच्या लोकांना शिकवतो. आणि यातला आकडा लक्षात घे, एका फेजला फक्त १० व्होल्ट गेले पण करंट मात्र १३ विरुद्ध ८ झाला. व्होल्टेजमध्ये थोडा जरी तोल गेला तरी मोटरच्या करंटमध्ये तो कितीतरी पट मोठा होऊन दिसतो, उरलेल्या दोन फेज जास्त ओढतात आणि रिले ट्रिप होतो. म्हणजे रिले बरोबरच काम करत होता, आधीच्या शिफ्टने बरोबर काम करणारी वस्तू बदलली. त्यांचं नाव घेऊ नकोस इंटरव्ह्यूत, फक्त 'रिले बदलूनही ट्रिप येत होता' एवढं म्हण.

आता तुला पुढचा प्रश्न येणार. कॉन्टॅक्ट जळला का? विचार कर आणि लिही, पाच वेळा का विचारायचं असतं ते हेच.

दुसरी_शिफ्ट

नवीन टाकला आणि लाइन चालू झाली म्हणून तेव्हा विचारच केला नाही सर. आता आठवतंय, तिथले ऑपरेटर मटेरियल सेट करायला कन्व्हेयर सारखा चालू बंद चालू बंद करतात, एका शिफ्टला शंभर एक वेळा तरी. त्यामुळे असेल का?

पॅनलवाला

जवळजवळ नक्की तेच. त्याला इंचिंग म्हणतात. साध्या मोटर ड्यूटीचा कॉन्टॅक्टर एसी ३ ला निवडलेला असतो, मोटर पूर्ण वेगात आल्यावर बंद करायची असं धरून. इंचिंगमध्ये तू स्टार्टिंग करंट चालू असतानाच तोडतोस, तो फुल लोडच्या सहा-सात पट असतो, दरवेळी आर्क. त्यासाठी एसी ४ ड्यूटी बघून मोठा कॉन्टॅक्टर घ्यावा लागतो. टर्मिनल सैल असणं हेही एक कारण असू शकतं, तेही बघितलं म्हण. मॅनेजरला विचारून तिथे साइज बदलून घे किंवा निदान महिन्याच्या पीएममध्ये (ठरलेल्या देखभालीत) कॉन्टॅक्ट तपासणं टाक, अजून सहा दिवस आहेत, केलंस तर इंटरव्ह्यूत सांगायला खरं काहीतरी असेल.

दुसरी_शिफ्ट

अपडेट देतोय, काल झाला इंटरव्ह्यू. पाऊण तास चालला. इंग्लिशमध्ये एक मिनिट बोललो, मग ताईंनी सांगितलं तसं विचारलं तर मॅनेजर सर हसून म्हणाले मराठीतच बोल. कागद दिला, स्टार डेल्टा काढायला लावलं, ओव्हरलोडची सेटिंग विचारली, मी आधी विचारलं सर रिले कुठे आहे, तेव्हा त्यांनी दुसऱ्या सरांकडे बघितलं. ब्रेकडाउन कन्व्हेयरचाच सांगितला, आकड्यांसकट, आणि पीएममध्ये टाकून घेतलं तेही सांगितलं (आमच्या शिफ्ट इंचार्जने खरंच टाकलं चेकशीटमध्ये). पीएलसीबद्दल विचारलं तर सांगितलं प्रोग्रॅम लिहिलेला नाही, फॉल्ट शोधतो, आणि सेन्सरपासून सोलेनॉइडपर्यंत पूर्ण सांगितलं.

मग शॉपफ्लोअरवर नेलं, एका पॅनलसमोर उभं केलं आणि म्हणाले ही ड्राइव्हवरची मोटर आहे, हिला मेगर मार. मी म्हटलं आधी आयसोलेट करून लॉक आणि टॅग लावतो, मग ड्राइव्हचे आउटपुट टर्मिनल काढतो कारण मेगरचे ५०० व्होल्ट ड्राइव्हमध्ये गेले तर ड्राइव्ह जाईल, आणि कपॅसिटर डिस्चार्ज व्हायला थांबायला लागेल. किती थांबशील म्हणाले, मी म्हटलं ड्राइव्हवर लिहिलेलं असतं तेवढं आणि तरी डीसी बसवर मीटर लावून बघेन.

एक मात्र चुकलं. विचारलं की ड्राइव्हच्या इनकमिंगच्या दोन फेज अदलाबदल केल्या तर मोटर कुठल्या दिशेने फिरेल. मी म्हटलं उलटी फिरेल. ते काही बोलले नाहीत, पण चुकलं असं वाटतंय. का चुकलं ते समजत नाहीये, मोटरला तर तसंच होतं ना?

इन्स्ट्रुमेंटवाली

मेगरचं उत्तर फार छान दिलंस. फेजचं असं आहे की ड्राइव्ह आत येणाऱ्या एसीचं आधी डीसी करतो, ४१५ ला साधारण ५८५ व्होल्ट डीसी, आणि त्या डीसीतून स्वतःचा नवा एसी बनवून मोटरला देतो. डीसी झाला तिथे फेजचा क्रम पुसला गेला. म्हणून इनकमिंगला काहीही बदललं तरी दिशा तीच राहणार. ड्राइव्ह आणि मोटरच्या मधल्या दोन वायरी बदलल्यास तर उलटी फिरेल, किंवा पॅरामीटरमधून.

दुसरी_शिफ्ट

ओह! म्हणजे डीसी बसवर मीटर लावेन असं मीच म्हणालो आणि पुढच्याच प्रश्नाला ती डीसी विसरलो. समजलं ताई, आता नाही विसरणार.

एचआरने स्लिपा घेतल्या आहेत, नोटीस पिरियड विचारला, मंगळवारपर्यंत कळवतो म्हणाले. आज परत रात्रपाळी आहे. काही कळलं की इथेच लिहितो.

पॅनलवाला

लिही नक्की. आणि हो, तुमच्या प्लांटमधल्या त्या कन्व्हेयरच्या कॉन्टॅक्टरचा साइज मॅनेजरकडून बदलून घे, तू चाकणला गेलास तरी तिथे कुणीतरी रात्रपाळीला असणारच आहे.